चौदा नंबरचं वायसर

दुधनीत तूर फुलात आली की फवारणीचे पंप माळ्यावरून खाली येतात. गेल्या हंगामात शेजारच्या अप्पांचा बॅटरीवरचा पंप खटक्यापाशी गळत होता. सोबत आलेली पुस्तिका कधीच हरवली होती. पुतण्यानं तिची पीडीएफ कुठूनशी मिळवून मोबाइलवर धाडली होती. अप्पा ओट्यावर बसून पडद्यावर दोन बोटं फाकवत होते. चित्र मोठं व्हायचं आणि सरकून बाहेर जायचं. शेवटी फोन माझ्या हाती देत म्हणाले, "ह्यातलं चौदा नंबर काय हाय, बघा की ओ जरा. चित्र दिसतंय तर नाव दिसंना, नाव काढलं तर चित्र गायब."

मी पाहिलं. एका पानावर पंपाचे सगळे भाग सुटे करून हवेत मांडलेले, प्रत्येकातून एक बारीक रेघ निघालेली, रेघेच्या टोकाला आकडा. आकड्यांची यादी पुढच्या पानावर. चौदा म्हणजे खटक्यातलं रबराचं वायसर. अप्पा बाजारात गेले, वायसर घेऊन आले, गळती थांबली. माझ्या डोक्यातून मात्र ते पान जाईना. छापील पुस्तकांची ई-पुस्तकं करणं हे माझं रोजचं काम. कथा-कादंबरी असली की हात आपोआप चालतो. हे एकच पान अप्पांच्या फोनवर नीट वाचता येईल असं करायचं, असं मी ठरवलं. त्याला आठवडा लागला.

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा जेमतेम सात. म्हणजे पान एक तृतीयांश होतं आणि दहा पॉइंटचं अक्षर सव्वातीन पॉइंटवर येतं. पण अक्षर लहान होणं ही खरी अडचण नव्हे. ते मोठं करता येतं. अडचण पुढं आहे. १९९३ साली अ‍ॅडोबीनं पीडीएफ आणली ती कागदावरचं पान कुठल्याही यंत्रावर हुबेहूब उमटावं म्हणून, आणि ते काम ती चोख करते. ए-फोर पान तिच्या लेखी ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं मैदान. या बिंदूपाशी हा आकार काढ, इथून तिथवर रेघ ओढ, अशा सूचनांची ती यादी असते. मजकुराच्या रचनेच्या खुणा आत ठेवायची सोय तिच्यात पुढं आली, पण अशा पुस्तिकांमध्ये ती कोणी वापरलेली क्वचितच दिसते.

अप्पांच्या पीडीएफला '१४' ठाऊक होतं. रेघ ठाऊक होती. वायसरचं गोल कडं ठाऊक होतं. पण हा आकडा या रेघेचा आणि ही रेघ या कड्याची, हे तिला ठाऊक नव्हतं. ते त्या फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. छपाई सुरू झाल्यापासून ते कोणाला लिहावंच लागलं नाही, कारण कागदावर शेजारी असणं हेच नातं सांगून जातं आणि डोळा ते न शिकवता वाचतो. डावा अंगठा यादीच्या पानात, नजर चित्रावर, पान मागंपुढं, झालं. चित्रांची पुस्तिका ई-पुस्तकात आणायची म्हणजे ही न लिहिलेली नाती एकेक करून लिहून काढायची. मला या कामाचं जे अप्रूप वाटतं ते यासाठी.

त्यात हे सुट्या भागांचं चित्र ही मुळातच विलक्षण गोष्ट आहे. इटलीत पंधराव्या शतकात तक्कोला हा अभियंता आणि त्याच्यामागून लिओनार्दो दा विंची यांच्या वह्यांमध्ये अशी चित्रं दिसतात. स्क्रू, स्प्रिंग, वायसर, नळी, प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून सरळ रेषेत मागं सरकवलेली. ती रेषा काढलेली नसते, तरी आपण त्याच रेषेवरून सगळं परत आत सरकवून मनातल्या मनात पंप जोडतो. ज्या अवस्थेत पंप कधीच नसतो, त्या अवस्थेचं चित्र पाहून आपल्याला खरा पंप कळतो.

आता हे चित्र ज्यात उतरवायचं ते पात्र पाहू. ई-पुस्तकाचा सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे ईपब. २००७ साली त्याचा प्रमाण नमुना ठरला, २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि २०१७ पासून त्याची देखभाल वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. ईपब फाइलीचं नाव बदलून शेवटी 'झिप' केलं तर ती गाठोड्यासारखी सुटते. आत वेबपानांसारखी पानं, चित्रांचं एक दालन, कुठलं पान आधी आणि कुठलं नंतर हे सांगणारी यादी. सगळ्यांच्या आधी एक चिमुकली फाइल, तिच्यात अवघी वीस अक्षरं. बाकी सगळं दाबून लहान केलेलं चालतं; हिला मात्र हात लावायचा नाही असा नियम आहे, कारण वाचणाऱ्या यंत्रानं गाठोडं न सोडता दारातच ओळखावं की आलंय ते पुस्तक आहे.

ईपबमधला मजकूर पाण्यासारखा असतो. लोट्यात ओतला की लोट्याएवढा, घागरीत ओतला की घागरीएवढा. अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं तुटतात, पानं वाढतात. कादंबरीला हे वरदान आहे. चित्रांच्या पुस्तिकेला तोच घात ठरतो, कारण 'शेजारी' नावाची जागाच उरत नाही. कृती क्रमांक तीन एका पडद्यावर आणि तिचं चित्र पुढच्या पडद्यावर. पान गोठवून ठेवायचाही एक प्रकार ईपबमध्ये आहे. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांना तो शोभतो. फवारणी पंपाला मी तो वापरला असता तर अप्पा पुन्हा दोन बोटं फाकवत बसले असते. म्हणून तो रस्ता मी घेतला नाही.

मी चित्र पुन्हा काढलं, या वेळी एसव्हीजीत. फोटोत चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मोठं केलं की ठिपके विस्कटतात. एसव्हीजीत चित्र म्हणजे शब्दांत लिहिलेली भूमिती. वायसर म्हणजे दोन वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाला तीन आकडे: मध्य किती आडवा, किती उभा, त्रिज्या किती. बस्स. मोबाइलवर दाखवा नाहीतर दुधनी स्टेशनच्या भिंतीएवढं करा, कड तितकीच रेखीव राहते, कारण यंत्र दर वेळी ते वर्तुळ नव्यानं काढतं. आणि या दोन वर्तुळांना, त्या रेघेला आणि '१४' या आकड्याला मिळून एका कुंपणात घालता येतं, कुंपणाला नाव देता येतं, त्यावर बोट टेकलं की यादीतल्या चौदाव्या ओळीवर नेता येतं आणि त्या ओळीवरून परत चित्रावर. डाव्या अंगठ्याचं काम एका ओळीत लिहून झालं.

आख्खं चित्र तरीही फोनला मोठंच होतं. मी त्याचे तीन तुकडे केले: टाकी आणि पट्टे, मोटर आणि बॅटरी, खटका आणि नळी. आरंभाला सबंध पंपाचा छोटा नकाशा; ज्या भागावर बोट ठेवाल तो तुकडा उघडतो. रबरी पाइप मोटरीपासून खटक्यापर्यंत जातो, तो कुठल्या तुकड्यात टाकायचा? मी तो दोन्हीकडे दाखवला. असे निर्णय कुठलंही सॉफ्टवेअर आपल्यासाठी घेत नाही. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं आणि आज जगभर फुकट वापरलं जाणारं 'कॅलिबर' एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात झटक्यात बदलून देतं, ते माझ्या रोजच्या वापरात आहे. पण पाइप कुणाच्या पदरात घालायचा, हे माणसानंच ठरवायचं.

मग मी ते पान ई-रीडरवर उघडलं आणि एक भलतीच गोष्ट दिसली. ई-रीडरचा पडदा उजेड फेकत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज एका दिशेनं दिली की पांढरे वर येतात, दुसऱ्या दिशेनं दिली की काळे. पान बदलून झालं की वीज बंद. कण जिथल्या तिथं थांबतात आणि आपण वाचत बसतो. १९९७ साली अमेरिकेत एमआयटीतून निघालेल्या ई इंक कंपनीनं हे घडवलं. यातले बहुतेक पडदे करड्याच्या सोळा छटांचे. माझ्या चित्रातली बॅटरीची तांबडी वायर आणि काळी वायर त्यावर शेजारी शेजारी सारख्याच गडद दिसल्या. धन कुठली, ऋण कुठली? कागदावर रंगानं जे सांगितलं होतं ते पडद्यावर मुकं झालं होतं. मी तांबडी वायर तुटक रेघेची केली आणि दोन्हींच्या टोकाला '+' आणि '−' लिहिलं. ज्याला लाल रंग ओळखता येत नाही अशा माणसालाही आता ती वायर वाचता येते. छापील पुस्तिकेत त्याच्यासाठी काहीच सोय नव्हती.

चित्र झालं. वाटलं, आता यादी उचलायची आणि चिकटवायची. 'वायसर' निवडून चिकटवलं तर रोमन अक्षरं, टिंबं आणि चिन्हांची खिचडी उतरली. जुन्या मराठी डीटीपीचा हा वारसा. त्या काळच्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा क, काना, वेलांटी. कागदावर उमटायचं ते अस्सल मराठी. फाइलीच्या पोटात मात्र मराठीचा मागमूस नाही. सगळ्या लिप्यांना खण देणाऱ्या युनिकोडनं हे उलटवलं. तिथं खण तुकड्याचा नसून वर्णाचा असतो. 'फिरवा' लिहिताना जुन्या फाँटात वेलांटी आधी यायची, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी फ, मग ऱ्हस्व वेलांटी. आपण उच्चारतो त्या क्रमानं. वेलांटी उचलून फच्या डावीकडं नेऊन ठेवणं हे फाँटचं काम. आणि मराठीची खास गाठ म्हणजे 'सऱ्या'. र चा खण क्रमांक २३५२, त्याला लागून २३५३ वर ऱ. शेतातल्या सऱ्यांमधून चालायचं असेल तर हा दुसरा ऱ लागतो. पहिला घेतला तर रफार होऊन शब्दच बिघडतो. आचार्यांना जेवायला बोलवायचं की आचाऱ्यांना, याचा निकाल या एका आकड्यावर लागतो.

तेव्हा आपल्या गावाचं नावच उघडून पाहू. 'दुधनी' डोळ्याला तीन अक्षरं, संगणकाला पाच: द २३४२, उकार २३६९, ध २३४३, न २३४४, दीर्घ वेलांटी २३६८. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं टोक. सोलापूरहून वाडीकडं जाणारी गाडी इथून थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते, आणि आमच्या बाजारात एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. आता वरच्या प्रत्येक आकड्यात ८९६ मिळवा. २३४२ चे ३२३८ होतात, आणि ३२३८ हा युनिकोडमधला कन्नड द. उकाराला ८९६ मिळवले की कन्नड उकार. ध, न, वेलांटी, तसंच. दोन्ही भाषांना जो जीव की प्राण, तो ळ मराठीत २३५५ आणि कन्नडमध्ये ३२५१. अंतर तेच ८९६. हा योगायोग नाही. ब्राह्मीच्या पोटी जन्मलेल्या लिप्यांची वर्णमाला एकाच साच्याची आहे हे ओळखून भारतीय भाषांसाठी १९८० च्या दशकात 'इस्की' नावाची एक सामाईक मांडणी बेतली गेली, आणि युनिकोडनं आपले भारतीय विभाग तिच्यावरून आखले. म्हणून आमच्या गल्लीतल्या दोन पाट्या, एक मराठी, एक कन्नड, संगणकाच्या पोटात समांतर रुळांसारख्या धावतात. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली होती.

अर्थात लिपी बदलल्यानं भाषा बदलत नाही, भाषांतर माणसालाच करावं लागतं. पण चित्र, आकडे आणि त्यांची नाती एकदा लिहून ठेवली की फक्त यादीचे शब्द बदलायचे. सांगाडा तोच राहतो. पंपाची कन्नड पुस्तिका करायची तर मला एकही रेघ नव्यानं काढावी लागणार नाही.

सगळ्यात अवघड काम मी शेवटी ठेवलं होतं. ईपबमध्ये प्रत्येक चित्रामागं शब्दांत वर्णन ठेवायची जागा असते. ज्याला दिसत नाही त्याचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. मी लिहिलं: 'खटक्याचे सुटे भाग.' वाचलं आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. डोळस माणसाला चित्रातून जे कळतं त्यातलं यात काय होतं? नीट लिहायला बसलो तर कळेना, वायसरची खाच स्प्रिंगकडं की नोझलकडं. चित्रात स्प्रिंगनं ती झाकली होती. अप्पांकडं गेलो. त्यांनी न बोलता खटका उघडला, दांडी बाहेर काढली, वायसर चिमटीत धरून बोटानं फिरवलं. "खाच पाण्याच्या अंगानं. उलटं बसलं की गळतंय." मी घरी येऊन लिहिलं: 'आधी पितळी दांडी, तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगच्या पुढं रबरी वायसर. वायसरची खाच पाणी येतं त्या बाजूला.' पुस्तिकेत कुठंही नव्हतं ते वाक्य आता पुस्तिकेत आहे.

चित्रांच्या मालिकेत हे आणखी बिकट होतं. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. त्यातल्या मल्लखांबासारख्या विद्येत एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाताना शरीर कुठून वळलं, हे दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत असतं. स्कॅन केलेल्या पानात ती कोरी जागा कोरीच येते. तिथं काय घडतं ते तालमीतला जाणता माणूसच सांगू शकेल. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन त्रिकोण, चौकोन, घन करायला मुलांना शिकवलं. त्यांच्या संकेतस्थळावर अशी चित्रमय पुस्तकं मराठीतही फुकट मिळतात, आणि त्यांनी ती सर्वांसाठी खुली ठेवली म्हणून गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचली. त्यातल्या एखाद्या कृतीचं वर्णन डोळे मिटून ऐकून ती जमते का, हे करून पाहा. वर्णन चांगलं झालं की नाही, याची दुसरी कसोटी मला माहीत नाही.

कागद आणि आवाज यांची गाठ आमच्याच सोलापूर जिल्ह्यात एकानं फार साध्या रीतीनं घातली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. मुलानं फोन धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा; आणि त्या वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मजकूर त्यांच्या भाषेत केला. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्हनं तयार केला तो कशासाठी? मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ओळखता यावेत म्हणून. म्हणजे तोही मुळात चौदा नंबरचाच प्रश्न.

कायदा या कामाच्या बाजूनं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तक सुगम रूपात आणण्याला मोकळीक आहे. अंधांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ साली जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारतानं. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. यंत्रांच्या पुस्तिका मात्र अजून अडगळीतच आहेत. मला विचाराल तर कादंबरीइतकाच त्यांचाही हक्क आहे. पिकावर औषध किती पाण्यात किती घालायचं हे ज्या पानावर लिहिलंय ते पान वाचता न येणं जास्त महागात पडतं.

आठवड्यानं मी ते पान अप्पांच्या फोनवर टाकलं. त्यांनी नकाशावर खटक्यावर बोट ठेवलं, तुकडा उघडला. चौदावर ठेवलं, खाली नाव आलं. मग फोन कानाशी नेऊन वर्णन ऐकलं आणि म्हणाले, "पाण्याच्या अंगानं. बरोबर हाय."

तुमच्या घरात, दुकानात, तालमीत अशी एखादी जुनी मराठी चित्रांची पुस्तिका असेल तर रद्दीत घालू नका. पान सरळ ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करा. आणि ते यंत्र, ती पकड, ते काम हातानं करणारा माणूस तुमच्यासमोर आहे तोवर प्रत्येक चित्रात काय चाललंय ते त्याच्याकडून एका वाक्यात लिहून घ्या.